शाळेसाठी मत मागायला हवे

आपल्याकडे ग्रामपंचायतीला, विकास सोसायटीला, दूध संघाला, पतसंस्थेलाही चुरशीच्या निवडणुका होतात. पॅनेल उभी राहतात, रात्री उशिरापर्यंत बैठका चालतात, भावकीत फूट पडते आणि निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो. त्याच गावातल्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती कशी ठरली, असे विचारले तर मात्र सहसा कोणाला सांगता येत नाही. मुख्याध्यापक पालकसभा बोलावतात, आलेल्या पंधरा-वीस जणांमधून नावे सुचवली जातात, कोणी नको म्हणत नाही आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असे लिहिले जाते. हीच पद्धत शोभते, शाळेसारख्या ठिकाणी मतदान वगैरे बरे दिसत नाही, असे सज्जन माणसेही मनापासून मानतात. मला हे पटत नाही. शाळेच्या समितीवरची जागा लढवली गेली पाहिजे. ज्या आईला किंवा बापाला शाळेची काळजी आहे, त्याने स्वतःहून उभे राहावे, दारोदार जाऊन मत मागावे, आणि समोर दुसरे कोणी उभे राहिले तर ते शाळेचे भाग्य समजावे.

ही जागा मानाची किंवा नाममात्र नाही, हे आधी नीट पाहायला हवे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक असावेत, निम्म्या जागांवर स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून होतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचे, शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि सरकारकडून आलेले अनुदान कसे वापरले जाते ते पाहायचे, ही समितीची कामे. समग्र शिक्षा योजनेत तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त अनुदान धरले आहे. शंभर पटापर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. शहरातल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. पण या दहा हजारांत खडू आणि रजिस्टरे घ्यायची, वीजबिल भरायचे, स्वच्छतागृहाचे दार दुरुस्त करायचे, पाण्याच्या टाकीचा नळ बदलायचा. यातले आधी काय, हे कोणीतरी ठरवतेच. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसताना पैसे दर्शनी भिंत रंगवण्यावर गेले, तर तोही एक निर्णयच असतो, फक्त तो कोणी घेतला हे कोणाला माहीत नसते. पाचवी-सहावीतल्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर कित्येकदा त्या कडीपाशीच सापडेल.

‘सर्वानुमते’ या शब्दाखाली काय काय झाकले जाते, ते समितीच्या इतिवृत्ताची वही उघडली की दिसते. अनेक वह्यांमध्ये महिन्यामागून महिने तेच चार विषय असतात: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, उपस्थिती, पोषण आहार, ऐन वेळचे विषय. अक्षर एकाच हाताचे. खाली सह्या, त्यातल्या काही एकाच पेनाने एकाच दिवशी केल्यासारख्या, एकदोन अंगठे. महिला सदस्याच्या नावापुढे सही असते, पण ती काय बोलली याची ओळ नसते. यात मुख्याध्यापकांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरण्यात आणि दुसरा दोन-दोन वर्ग सांभाळण्यात गुंतलेला असतो. वही पूर्ण ठेवणे हेच त्याच्या हाती उरते. पण ज्या सदस्याला कोणी निवडून दिलेले नाही, त्याला कोणी जाबही विचारत नाही, आणि ज्याला जाब विचारला जाणार नाही त्याने सभेत प्रश्न का विचारावा? नाव सुचवणाऱ्याच्या शब्दाखातर तो आलेला असतो. तो शब्द पाळला की त्याचे काम संपते.

एकमताचे आपल्याला फार कौतुक आहे. गावकी एकदिलाची असावी या ओढीतून ते आलेले आहे आणि ती ओढ खोटी नाही. पण एकमत कसे जमते, हे पाहिल्याशिवाय त्याला चांगले म्हणता येत नाही. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे पदांसाठी जाहीर लिलाव बोलला गेल्याचे उघड झाले होते. पैसा देवळाच्या कामी लागणार, गावात भांडण होणार नाही, असेच त्याचे समर्थन होते. शाळेच्या समितीसाठी कोणी बोली लावत नाही, कारण तिथे मिळण्यासारखे काही नाही असा समज आहे. तिथे लिलावाऐवजी सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष केलेले असते. निकाल मात्र सारखाच लागतो: ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे, त्यांना न विचारता ठरते.

लढवलेल्या जागेने काय साधते याचा सर्वात बोलका पुरावा मला दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये दिसतो. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने ठिकठिकाणी निवडून आलेली शाळा मंडळे स्थापन झाली. पार्लमेंटसाठी स्त्रियांना मत मिळायला अजून ४८ वर्षे जायची होती. पण या मंडळांसाठी कर भरणाऱ्या स्त्रियांना मत देता येत होते आणि स्त्रियांना उभेही राहता येत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या मंडळाची पहिली निवडणूक झाली. मॅरिलेबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट उभ्या राहिल्या. त्या डॉक्टर होत्या, स्त्रियांसाठी दवाखाना चालवत होत्या, आणि त्या वस्तीतल्या कामगारांनीच त्यांना उभे राहण्याचा आग्रह केला होता. भरसभेत स्त्रीने बोलणे प्रतिष्ठित घरांत तेव्हा गैर मानले जाई. त्या बोलल्या आणि ४७ हजारांवर मते घेऊन पहिल्या आल्या. त्याच विभागातून निवडून आलेले टी. एच. हक्सली हे त्या काळातले नामांकित शास्त्रज्ञ, पण तेही मतांत त्यांच्या कितीतरी मागे राहिले. एमिली डेव्हिस ग्रीनिचमधून आल्या. बेंजामिन ल्यूक्राफ्ट हा लाकडी सामान बनवणारा कारागीर फिन्सबरीतून आला आणि पुढे वीसेक वर्षे मंडळावर राहिला. नामनिर्देशनाने मंडळ बसवले असते, तर हक्सलींचे नाव नक्की सुचले असते. ल्यूक्राफ्टचे कोणाला सुचले असते?

या मंडळाशी आपल्या ओळखीचे आणखी एक नाव जोडलेले आहे. होमरूलच्या चळवळीमुळे अॅनी बेझंट महाराष्ट्राच्या वाचकाला टिळकांच्या काळातल्या नेत्या म्हणून माहीत असतात. १८९३ मध्ये त्या भारतात आल्या, १८९८ मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढले, हेही पुष्कळांना माहीत असते. त्याआधी, १८८८ मध्ये, त्या लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीतून शाळा मंडळाची निवडणूक लढल्या आणि तिथे पहिल्या क्रमांकाने निवडून आल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींच्या संपामागे त्या उभ्या राहिल्या होत्या. मत मागायला त्या ज्या दारांत गेल्या, त्या दारांमागची मुले उपाशी शाळेत जात होती, आणि उपाशी मुलाला अक्षर शिकवण्यात अर्थ नाही हे त्या वस्तीला कोणी सांगायची गरज नव्हती. मंडळावर गेल्यावर बेझंटबाईंनी भुकेल्या मुलांच्या जेवणाचा आणि फी रद्द करण्याचा प्रश्न लावून धरला. मंडळाची कामे घेणाऱ्या कंत्राटदारांनी मजुरांना रास्त मजुरी द्यावी, यासाठीही त्या झगडल्या. प्रचारात ऐकलेले प्रश्न त्यांनी सभागृहात नेले. आज आपल्या शाळेत दुपारी खिचडी शिजते, तांदूळ कसा आला आणि डाळ किती पडली यावर समितीने नजर ठेवायची असते. लंडनच्या त्या मंडळात ज्या प्रश्नावर वाद झाला, त्याचाच हा रोजचा भाग आहे.

या गोष्टीचा शेवटही आपल्या मुद्द्याचाच आहे. १९०२ च्या कायद्याने इंग्लंडमधली शाळा मंडळे मोडीत निघाली आणि त्यांचे काम काउंटी व नगरांच्या कौन्सिलांकडे गेले. लंडनसाठी वेगळा कायदा पुढच्या वर्षी झाला. कारभार सुटसुटीत व्हावा, हा हेतू सांगण्यात आला आणि त्यात तथ्यही होते. पण त्या कौन्सिलांवर स्त्रियांना निवडून येता येत नव्हते. शिक्षण समितीत स्त्रिया असाव्यात, म्हणून त्यांना नेमून घेण्याची तरतूद झाली. तीस वर्षे ज्या स्वतःच्या मतांवर येत होत्या, त्यांना आता कोणीतरी बोलावले तरच यायचे होते. कौन्सिलवर निवडून येण्याचा हक्क मिळायला १९०७ उजाडले. कागदावर स्त्रिया समितीत होत्याच, काही अत्यंत कर्तबगारही होत्या. तरी ज्याच्या हातात बोलावणे आहे त्याच्याच हातात न बोलावणेही असते, हे त्यांना पुरते कळले असणार. आपल्या समितीतल्या निम्म्या स्त्रियांची जागा कायद्याने पक्की आहे. ती जागा कोणाच्या बोलावण्याने भरते, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

पहिला आक्षेप मला माहीत आहे, कारण तो सगळेच घेतात: शाळेत राजकारण येईल. हे भय निराधार नाही. अमेरिकेत तेरा हजारांवर शालेय जिल्हे आहेत आणि बहुतेकांची मंडळे निवडून येतात. करोनाच्या काळात मुखपट्टीवरून, पुढे ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून तिथल्या सभांत आरडाओरडा झाला. देशभराच्या पक्षीय भांडणांनी मुलांच्या शाळा वेठीला धरल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळाने शाळा बंद असतानाच्या काळात ४४ शाळांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. शाळा कधी उघडणार याची वाट पाहणारे पालक संतापले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना परत बोलावले. हे उदाहरण लोक निवडणुकीच्या विरोधात देतात. मला त्यात उलट गोष्ट दिसते. मंडळ चुकले, पण ज्यांनी त्याला बसवले होते त्यांनाच त्याला उठवता आले. नेमलेल्या समितीने असाच निर्णय घेतला असता, तर पालकांनी निवेदन देऊन उत्तराची वाट पाहिली असती. शिवाय आपल्या शाळेत राजकारण आज नाही, असे कोण म्हणेल? अध्यक्ष कोणाच्या गटाचा हवा, हे बऱ्याच ठिकाणी पालकसभेच्या आदल्या रात्री ठरते. उघड्यावर मते मागितली, तर निदान कोण काय म्हणतो ते ऐकू तरी येईल. पक्षाची चिन्हे, जेवणावळी, बॅनर यांना शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावे, यावर माझे दुमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो गरिबांच्या बाजूने येतो: ज्याच्या हातावर पोट आहे, त्याने रोज बुडवून मत मागायला फिरायचे का? मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत हा प्रश्न सर्वात तीव्र होतो. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. शाळेचे निम्मे वर्ष आईबाप फडावर असतात. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात आणि ती चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवरच टाकलेली असते. म्हणजे ज्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाचा निर्णय समिती घेते, त्यांचेच आईबाप सभेला येऊ शकत नाहीत. मात्र कायदा आईवडिलांबरोबर पालकांनाही सदस्य होऊ देतो. तीन नातवंडे सांभाळत गावात राहिलेली आजी त्या अर्थाने पालकच आहे. तिला उभे करावे, टोळी निघण्याआधी पालकसभा घ्यावी, आणि आजीला अक्षर येत नसेल तर अनुदानाचा हिशेब सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. तो वाचायचा असा नियम झाला, तर अक्षर येणाऱ्या सदस्यांचेही भले होईल, कारण त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी तो आजवर वाचलेला असतो. सवड नसलेल्या माणसाला समितीबाहेर ठेवून त्याच्यावर उपकार होत नाहीत. सभेची वेळ कोणाच्या सोयीची ठेवायची, हा मुद्दा निवडणुकीत यावा. मजुरी करणारा उमेदवार ‘सभा संध्याकाळी सातला’ एवढे एकच आश्वासन देऊनही मते मागू शकतो.

तिसरी गोष्ट जातीची आहे, आणि तिच्याबद्दल मोघम बोलून चालणार नाही. स्थानिक सत्ता म्हणजे गावातल्या बलवानांची सत्ता, हा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. लोकल बोर्डाच्या शाळांत अस्पृश्य मुलांना वेगळे, दाराबाहेर, व्हरांड्यात बसवले जात होते. बहुमताने मतदान झाले तर चार घरांच्या वस्तीतला पालक कधीच निवडून येणार नाही, ही शंका खरी आहे. प्रमाणात प्रतिनिधित्व हे कायद्याचे त्यावरचे उत्तर आहे, पण ते प्रतिनिधी कोण निवडणार? बलवानांनीच दुबळ्यांचा प्रतिनिधी निवडला, तर तो त्यांच्याच ऐकण्यातला असतो. इथे पुन्हा लंडनचे मंडळ उपयोगी पडते. जिथे सात जागा होत्या, तिथे प्रत्येक मतदाराला सात मते होती आणि ती सातही त्याला एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. विखुरलेले किंवा संख्येने थोडे असलेले लोक आपली सगळी मते एकवटून आपला एक माणूस नक्की आणू शकत. कॅथलिकांसारख्या अल्पसंख्य गटांनी तसे केले. गॅरेटबाईंना मिळालेल्या मोठ्या आकड्यामागेही या पद्धतीचा वाटा आहे. आपल्या समितीत बारा सदस्य धरले तर नऊ पालक येतात. प्रत्येक कुटुंबाला नऊ चिठ्ठ्या द्याव्यात, हव्या तर नऊ जणांना, हव्या तर एकालाच. मतमोजणीला फळा आणि खडू पुरेल. समितीत एकमतच हवे, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

लहान शाळांचे मात्र वेगळे आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा राज्यात आहेत, आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा त्यावर बराच वाद झाला. जिथे कुटुंबेच दहा, तिथे निवडणूक कसली. सगळी पालकसभा हीच समिती. शाळा राहावी की जावी, हे ठरण्याची वेळ आलीच तर तिथल्या पालकांना सह्यांच्या पलीकडे बोलता यावे, एवढेच त्यांच्यासाठी मागता येईल.

समितीला अधिकारच कुठे आहेत, हे शेवटचे म्हणणे. शिक्षक नेमणे, बदली, अभ्यासक्रम, यातले काहीच तिच्या हातात नाही, मग एवढा खटाटोप कशाला? शिकागोचे उदाहरण याला उत्तर देते. १९८८ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांना स्वतंत्र निवडून आलेली परिषद मिळाली, तीत पालकांच्या सहा जागा आल्या, आणि मुख्याध्यापक निवडण्याचा व खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकारही परिषदेला मिळाला. पहिल्या निवडणुकीला लोकांनी उत्साहाने गर्दी केली. पुढच्या काळात मुख्य अधिकार बहुतांशी तसेच राहिले, मतदान मात्र घसरत गेले आणि कित्येक जागांना उमेदवारही मिळेनात. अधिकार मिळाले की माणसे आपोआप पुढे येतील, हा समज तिथे टिकला नाही. आपल्याकडे तर जे हातात आहे तेच वापरलेले नाही. शिक्षक किती दिवस उपस्थित होते, शाळाबाह्य मुले किती, आराखड्यात मागितलेली वर्गखोली कोणत्या टेबलावर अडली, हे विचारायला कोणत्याही नव्या अधिकाराची गरज नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे गेलेला अध्यक्ष ‘मला नेमले आहे’ म्हणतो तेव्हा त्याला बसायला खुर्ची मिळते. ‘मला साठ कुटुंबांनी मते दिली आहेत, त्यांना पुढच्या सभेत उत्तर द्यायचे आहे’ असे म्हणता आले, तर वर्गखोलीच्या कागदावर तारीख पडण्याची शक्यता वाढते. याची खात्री देता येणार नाही, पण आजच्यापेक्षा ती नक्की जास्त आहे.

आणि जो हरेल, त्याचाही विचार करावा. मत मागायला जाण्याआधी त्याला पट किती, तिसरीतल्या किती मुलांना सलग वाचता येते, मागच्या वर्षीचे अनुदान कुठे गेले, हे माहीत करून घ्यावे लागते. दारोदार त्याला पाण्याचे, मारकुट्या मोठ्या मुलांचे, पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीचे, बंद पडलेल्या संगणकाचे गाऱ्हाणे ऐकावे लागते. निवडणूक हरली म्हणून हे ज्ञान जात नाही. पुढची दोन वर्षे तो पालकसभेत मागच्या रांगेत बसेल आणि अनुदानाचा हिशेब वाचायला सांगेल. समितीतल्या नऊ पालकांना त्याच्यासमोर तो वाचावा लागेल.